टायमिंग : बुलेटचं इंजिन आणि पाचवीतला 'कोन'



पाचवीच्या गणितात 'कोन' हा घटक आला की आपण सगळेच काय करतो? फळ्यावर दोन किरण काढतो, कोनमापक ठेवायला शिकवतो, काटकोन, लघुकोन, विशालकोन पाठ करून घेतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. मुलंही चाचणीत दोन-चार कोन मोजून दाखवतात. पण "बाई, हे मोजून पुढं करायचं काय?" असं एखाद्यानं विचारलं, तर आपण घड्याळाचे काटे आणि दाराची फट सोडून फारसं काही सांगत नाही.

आज मी तुम्हाला एक असं ठिकाण सांगणार आहे, जिथं थोड्या अंशांचा फरक पडला तर गाडी नीट चालत नाही आणि वीस अंशांचा पडला तर माणसाचा पाय मोडायची वेळ येते. ते ठिकाण आमच्या आष्ट्यातच आहे. सांगली-इस्लामपूर रस्त्याला लागून असलेलं एक पत्र्याचं गॅरेज. तिथले मिस्त्री जुन्या बुलेटचं काम करतात आणि त्यांचा मुलगा माझ्या वर्गात पाचवीला आहे.

हा मुलगा महिन्यातले सहा-सात दिवस शाळेत नसायचा. विचारलं की "गॅरेजला काम होतं" एवढंच उत्तर. वहीत 'कोन' या घटकाची पानं जवळजवळ कोरी. त्याची आई मात्र दर वेळी भेटली की म्हणायची, "बाई, त्याला शाळेतच धरून ठेवा. एकदा का हात काळे झाले की ते परत फिरायचं न्हाई." आणि मिस्त्रींचं म्हणणं असं, की पुस्तकात त्याचं डोकं चालत नाही, मग उगीच कशाला अडकवायचं? आई-वडिलांच्या या ओढाताणीत तो अकरा वर्षांचा मुलगा सापडला होता. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

गाडी माझ्या दिरांची

माझ्या धाकट्या दिरांनी मध्यंतरी एक जुनी बुलेट घेतली. ३५० सीसीची, बिडाच्या इंजिनाची, कार्बोरेटर आणि पॉईंटवर चालणारी. रॉयल एनफिल्डची बुलेट आपल्याकडं १९५५ पासून मद्रासमध्ये तयार व्हायला लागली आणि हे बिडाचं इंजिन थोड्याफार बदलांनी पन्नासहून जास्त वर्षं चाललं. आपल्या भागात अजूनही लोक ते जिवापाड सांभाळतात. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, एकच सिलिंडर. मुलांना समजावून सांगायला यापेक्षा सोपं इंजिन मिळणार नाही.

गाडी चांगली चालत होती. पण कुठंतरी व्हिडिओ बघून दिरांनी त्यात 'रेसिंग कॅम' बसवून घेतले. त्यानंतर गाडी स्लोला उभी राहीना, सिग्नलला बंद पडायची. मग दुसरा व्हिडिओ बघितला. त्यात सांगितलं होतं, की असा कॅम घातला की टायमिंग दहा अंश पुढं करायचं. दिरांनी माझ्या कंपासपेटीतला कोनमापक नेला, पॉईंटच्या डबीवर खडूनं खूण केली आणि डबी बरोबर दहा अंश फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कीक उलटी आली. घोटा असा सुजला, की तीन आठवडे पाय टेकवता येत नव्हता. हाड मोडलं नाही हे नशीब. घरात सासूबाईंनी फर्मान काढलं, "ती गाडी विका नाहीतर भंगारात घाला."

विकायच्या आधी एकदा मिस्त्रींना दाखवू, असं ठरलं. पाय सुजलेला असल्यामुळं गाडी टेम्पोत घालून न्यावी लागली आणि रविवार असल्यामुळं मीही सोबत गेले. त्या दिवशी गॅरेजमध्ये जे बघितलं, ते तुमच्यासमोर मांडते. आधी थोडं इंजिनाविषयी, म्हणजे पुढचं समजेल.

ठिणगी आधीच का टाकायची?

पिस्टन वर येतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. हे विज्ञानाच्या पुस्तकात असतं. पण ठिणगी नेमकी कधी पडते? आपल्याला वाटतं, पिस्टन अगदी वर पोचला की. मिस्त्री लोक त्या जागेला 'टॉप' म्हणतात. प्रत्यक्षात ठिणगी टॉपच्या आधी पडते. कारण मिश्रण एकदम पेटत नाही, ज्वाळा पसरायला वेळ लागतो. पिस्टन टॉप ओलांडून थोडा खाली वळला, की नेमका त्या वेळी सगळ्यात जास्त दाब यायला हवा. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ आहे, त्यांना हे लगेच कळेल. काहिलीत रस टाकल्यावर चुलवाण पेटवायला गेलं तर उपयोग नाही. जळव्याला जाळ आधीपासून तयार ठेवावा लागतो.

हे 'किती आधी' म्हणजेच इग्निशन टायमिंग. ते अंशात मोजतात. क्रँक एक पूर्ण फेरा फिरला की ३६० अंश. टॉपच्या १० अंश आधी ठिणगी, म्हणजे टायमिंग १० अंश ॲडव्हान्स.

आता वर्गात घेण्यासारखा हिशोब बघा. घड्याळाचा सेकंद काटा मिनिटाला एक फेरा मारतो, म्हणजे ६० सेकंदांत ३६० अंश, म्हणजे सेकंदाला ६ अंश. सेकंद काटा म्हणजे १ आरपीएमचं इंजिनच! मग १००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ६ × १००० = ६००० अंश फिरतो. १० अंश फिरायला किती वेळ लागेल? १० भागिले ६०००, म्हणजे सेकंदाचा सहाशेवा भाग.

आता इंजिन ३००० आरपीएमला फिरतंय. सेकंदाला १८,००० अंश. जाळ पसरायला तेवढाच, सेकंदाचा सहाशेवा भाग हवा असेल, तर ठिणगी किती अंश आधी टाकावी लागेल? १८,००० भागिले ६००, म्हणजे ३० अंश. प्रत्यक्षात जोरात फिरणाऱ्या इंजिनात मिश्रण घुसळून निघतं आणि जाळही थोडा लवकर पसरतो, त्यामुळं हिशोब इतका सरळ राहत नाही. पण वेग वाढला की ठिणगी आणखी आधी लागते, हे यावरून मुलांना पटतं. बुलेटच्या डबीत त्यासाठी स्प्रिंग लावलेली दोन छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती पाळण्यासारखी बाहेर फेकली जातात आणि टायमिंग आपोआप पुढं सरकवतात. याला 'ऑटो ॲडव्हान्स' म्हणतात.

कॅम बदलला की काय बदलतं?

कॅम म्हणजे दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा. तो फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. उंचवटा जेवढा पसरट, तेवढा वेळ व्हॉल्व्ह उघडा. कॅमशाफ्ट बनवणं हा आपल्या महाराष्ट्रातला मोठा उद्योग आहे, हेही मुलांना सांगा. सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ मध्ये सुरू झाली आणि तिथले कॅमशाफ्ट परदेशातल्या मोठमोठ्या कार कंपन्यांना जातात. बीड ओतताना उंचवट्याच्या जागी धातूचे ठोकळे ठेवून तो भाग झटकन थंड करतात. त्यामुळं तेवढाच भाग काचेसारखा कडक होतो आणि घासला तरी लवकर झिजत नाही.

रेसिंग कॅममध्ये व्हॉल्व्ह जास्त उंच आणि जास्त वेळ उघडा राहतो. आत येणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आणि बाहेर सोडणारा व आत घेणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळही वाढतो. जोरात पळताना याचा फायदा होतो, कारण तेवढ्या कमी वेळातही सिलिंडर पोटभर भरतो. पण इंजिन स्लोला असताना उलटं होतं. पिस्टन वर यायला लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच, त्यामुळं आत घेतलेलं थोडं मिश्रण कार्बोरेटरकडं परत ढकललं जातं. शिवाय जळालेला धूर थोडा आतच राहतो आणि नव्या मिश्रणात मिसळतो. दाब कमी आणि वर धुराची भेसळ. असं मिश्रण हळू पेटतं. गुऱ्हाळाच्या भाषेत, चिपाड ओलं निघालं.

जळण ओलं असेल तर जाळ आधी घालावा लागतो. म्हणून अशा कॅमला स्लोला थोडं जास्त ॲडव्हान्स लागतं. व्हिडिओतला माणूस एवढं बरोबरच सांगत होता. अर्धं राहिलं ते असं, की जोरात पळताना जळण ओलं नसतं. उलट सिलिंडर नेहमीपेक्षा चांगला भरलेला असतो. तिथं ॲडव्हान्स वाढवायचं कारण नाही. म्हणजे सुरुवातीचा आकडा वाढवायचा, पण शेवटचा आकडा होता तिथंच ठेवायचा.

गॅरेजमधला कोनमापक

मिस्त्रींनी सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडली आणि प्लग काढला. त्यांचा कामाचा क्रम ठरलेला होता : आधी टॅपेट, मग पॉईंटची गॅप, मग टायमिंग आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "बाई, गॅप हलली की टायमिंग हलतं. आधी टायमिंग लावून मग गॅप लावली, तर केल्यालं सगळं पाण्यात." पॉईंटची फट वाढवली की पॉईंट लवकर उघडतात आणि ठिणगी आपोआप पुढं सरकते. म्हणून आधी फिलर घालून गॅप ०.३५ ते ०.४० मिमीच्या दरम्यान लावली.

मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली एक ॲल्युमिनियमची चकती त्यांनी मुलाला आणायला सांगितली. ताटाएवढी, कडेला ० ते ३६० अंशांच्या खुणा कोरलेल्या. 'डिग्री व्हील'. आपल्या कोनमापकाचा मोठा भाऊ. डाव्या बाजूचं झाकण काढून ती क्रँकच्या टोकाला बसवली आणि एका तारेचा काटा करून केसिंगच्या बोल्टला अडकवला.

आता खरा टॉप शोधायचा होता. मला वाटलं, पिस्टन सगळ्यात वर आला की काट्याखाली शून्य आणायचं, झालं. मिस्त्री हसले. "टॉपला पिस्टन झोपतो, बाई. चकती फिरत ऱ्हाती, पिस्टन हलत न्हाई." हे मी घरी येऊन हिशोब करून बघितलं. बुलेटचा क्रँक मधोमध काटकोनात असताना १० अंश फिरला, तर पिस्टन जवळजवळ ८ मिमी सरकतो. तोच क्रँक टॉपपाशी १० अंश फिरला, तर पिस्टन फक्त ०.८ मिमीच्या आसपास सरकतो. दहापट फरक! नुसत्या नजरेनं टॉप शोधला तर दोन-चार अंशांची चूक सहज होते.

म्हणून त्यांनी एक युक्ती केली. जुन्या प्लगचं पोट फोडून त्यात बोल्ट बसवलेला होता. तो प्लगच्या भोकात घट्ट केला. आता पिस्टन पूर्ण वर जाऊच शकत नाही, बोल्टला अडतो. क्रँक हातानं हळूच एका बाजूला फिरवला, अडला. "किती?" मिस्त्रींनी विचारलं. "चाळीस," चकतीजवळ बॅटरी धरून बसलेला मुलगा म्हणाला. मग उलटीकडं फिरवला, अडला. "चौतीस."

आणि मिस्त्रींनी पुढं काही विचारायच्या आत तो म्हणाला, "चौऱ्याहत्तर. सदतीसला लाव. काटा तीन सरकव."

काटा तीन अंश सरकवला. पुन्हा दोन्हीकडून फिरवला. दोन्हीकडं ३७. म्हणजे बरोबर मध्ये खरा शून्य. दोन संख्यांची बेरीज, निम्मं, फरक, कोनाचं वाचन. हे सगळं तोंडी, आणि मागच्या चाचणीत 'कोन मोजा' हा प्रश्न कोरा ठेवणाऱ्या मुलाकडून. शिक्षक मित्रहो, तुमच्याही वर्गात असा कोणी असेल. त्याला काय येतं ते आपल्या प्रश्नपत्रिकेला कधी विचारताच येत नाही.

दहाचे वीस कसे झाले?

अडवणारा बोल्ट काढला आणि मग बघायचं होतं, की दिरांच्या सेटिंगवर पॉईंट नेमके कधी उघडतात. पॉईंटच्या मध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला आणि क्रँक चालायच्या दिशेनं सावकाश फिरवला. कागद जिथं ढिला होऊन सुटतो, तिथं पॉईंट उघडले. बॅटरी जोडलेली असेल तर बुलेटच्या ॲम्पिअर मीटरची सुईही त्या क्षणी मधे येते. जुन्या माणसांना ही खूण पाठ असते.

कागद सुटला. मुलानं वाचलं, "तीस."

दिरांना पटेना. "मूळ दहा होतं आणि मी दहाच अंश फिरवलंय. वीस यायला पाहिजेत."

"काका, डबी अर्धीच फिरती की," मुलगा म्हणाला.

बुलेटमध्ये क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम आणि पॉईंटची डबी एक फेरा फिरतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्हला आणि ठिणगीला दोन फेऱ्यांत एकदाच काम असतं. म्हणून डबीवरचा १ अंश म्हणजे क्रँकवरचे २ अंश. दिरांनी डबी १० अंश फिरवली आणि क्रँकच्या हिशोबानं ते २० अंश झाले. १० + २० = ३०. कीक मारताना इंजिन अगदी हळू फिरत असतं. टॉपच्या तीस अंश आधीच मिश्रण पेटलं, पिस्टन वर पोचण्याआधीच खाली ढकलला गेला आणि क्रँकनं कीक पायावर परत मारली.

मग मिस्त्रींनी डबीतली वजनं काडीनं पूर्ण बाहेर रेटून धरली, म्हणजे गाडी जोरात पळताना असतात तशी, आणि पुन्हा मोजलं. ५४! वजनं क्रँकवर २४ अंश घालत होती. मूळ १० असताना १० + २४ = ३४, ते ठीक होतं. आता ३० + २४ = ५४. "असंच पळवलं असतं तर पिस्टनला भोक पडलं असतं," मिस्त्री म्हणाले. एवढ्या आधी पेटलेलं मिश्रण दाबलं जाऊन भडकतं, इंजिन आतून खडखड वाजतं, नॉक करतं. पिस्टन वितळल्याची उदाहरणं त्यांनी खोक्यातून काढून दाखवली.

आता उत्तर तुम्हीच काढा. नव्या कॅमला सुरुवातीला थोडं जास्त हवं. मिस्त्रींनी १४ धरलं. शेवटचा आकडा ३४ च्या पुढं जाऊ द्यायचा नाही. मग वजनांनी किती घालायला पाहिजेत? ३४ - १४ = २०. सध्या घालतात २४. म्हणजे क्रँकवर ४ कमी, डबीवर २ कमी. मिस्त्रींनी वजनांच्या थांब्यावर पातळ पितळी नळी चढवली, कानसून-कानसून मोजली आणि तिसऱ्या खेपेला आकडा जमला. वजनं मिटलेली असताना १४, उघडल्यावर ३४.

हे आकडे या एका इंजिनाचे, या कॅमचे आहेत. दुसऱ्या गाडीला दुसरे असतील. म्हणूनच मोजावं लागतं.

शेवटी कार्बोरेटर. स्लोचा स्क्रू, हवेचा स्क्रू. गाडी थोडी डुलत, पण स्लोला उभी राहिली. रेसिंग कॅमची गाडी स्लोला तशी थोडी डुलणारच, ते मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं. मग स्वतः चालवायला नेली. उसाच्या ट्रॅक्टरमागं मुद्दाम वरच्या गिअरमध्ये ओढायला लावली आणि खडखड येते का ते कान देऊन ऐकलं. आली नाही. कीकही चार वेळा मारून बघितली. दिरांनी पाचव्यांदा, दुसऱ्या पायानं.

मिस्त्री वर्गात आले

मी मिस्त्रींना म्हटलं, "ही चकती घेऊन एका शनिवारी शाळेत या." शासनानं आनंददायी शनिवार सुरू केल्यापासून तेवढी सवड मिळते. ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "मी सातवीतनं शाळा सोडलेला माणूस. मी पोरांना काय शिकवू? पालक सभेलाबी मी त्यामुळंच येत न्हाई." मी म्हटलं, शिकवू नका, फक्त मोजून दाखवा.

ते आले. धुतलेला शर्ट घालून, चकती कापडात गुंडाळून. सोबत जुन्या बुलेटचा उघडा क्रँक, पिस्टन आणि कॅमची जोडी होती. पेट्रोल नाही, बॅटरी नाही, चालू इंजिन नाही. वर्गात आणायच्या वस्तूंबाबत हा नियम मी आधीच घातला होता. मुलांनी चकती फिरवली, आकडे वाचले. खरा टॉप शोधायची युक्ती सगळ्या गटांनी करून बघितली. एका मुलीनं विचारलं, "मिस्त्रीकाका, कॅमवरचं चाक दुप्पट दात्यांचं आहे, म्हणून ते अर्धं फिरतं का?" मिस्त्रींनी दाते मोजायला लावले. चकतीवर आकडा वाचायची पाळी आली, तेव्हा बाकीची मुलं त्यांच्या मुलाकडं बघत होती.

वर्ग सुटल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बोललो. मी सरळ विचारलं, "शाळेच्या दिवशी त्याला गॅरेजला का बसवता?" ते म्हणाले, "पुढं त्यालाच बघायचंय सगळं. लहानपणीच हात बसतो." मी विचारलं, "पुढं म्हणजे कोणत्या गाड्या?" त्यावर ते थांबले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या बुलेटमधून कार्बोरेटरही गेला. पॉईंट तर त्याच्याही आधी गेले. आता टायमिंग एक छोटा संगणक ठरवतो. "नव्या गाडीत फिरवायला डबीच न्हाई," ते म्हणाले. "वायर जोडली की स्क्रीनवर इंग्रजीत काहीबाही येतं. माझा पुतण्या वाचून सांगतो."

मी त्यांना सांगितलं, की त्या संगणकात असतो तो तक्ताच. उभ्या रांगेत वेग, आडव्या रांगेत इंजिनावरचा भार आणि प्रत्येक चौकटीत किती अंश ॲडव्हान्स. आपल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखा. तुम्ही पितळी नळी कानसून जे केलं, ते तिथं आकडा लिहून करतात. अंश तेच आहेत, डोकंही तेच लागतं. पण तो तक्ता वाचायला वाचताच यावं लागतं. तुमच्याच गॅरेजसाठी त्याला शाळा पाहिजे. आष्ट्यात अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याच्या बसेस रोज तुमच्या गॅरेजसमोरून जातात. त्यात तुमचा मुलगा बसेल का, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण पाचवीतच दार बंद करायचं कारण नाही.

ते लगेच हो म्हणाले नाहीत. "बघतो" म्हणाले. पुढच्या महिन्यात मुलगा दोन दिवस गैरहजर होता, त्यातला एक दिवस तापाचा. आता शाळा सुटल्यावर तो तासभर गॅरेजला जातो, आणि ते मला मान्य आहे. मराठी वाचन अजून कच्चं आहे, अडखळतो. म्हणून मी त्याला 'टायमिंग कसं लावायचं' यावर रोज दोन ओळी लिहायला सांगते. पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं होतं : 'आधी गॅप लावायची. मग टायमिंग लावायचं.' दोन्ही वाक्यं बरोबर. क्रमही बरोबर.

तुमच्या वर्गासाठी

गॅरेज नसेल तरी हे तीन उपक्रम घेता येतील :

१. सेकंद काट्याचं इंजिन : घड्याळ समोर ठेवा. सेकंद काटा सेकंदाला ६ अंश फिरतो, हे मुलांना शोधू द्या. मग 'मिनिटाला १०० फेरे मारणारा पंखा सेकंदाला किती अंश?' असे प्रश्न त्यांनाच तयार करायला सांगा.

२. दोन चाकं : पुठ्ठ्याची दोन चाकं कापा, एकाचा व्यास दुसऱ्याच्या दुप्पट. कडा एकमेकींना घट्ट टेकवून लहान चाक फिरवा. लहान चाकाचे दोन फेरे झाले की मोठ्याचा एक. दोन्हींवर अंशांच्या खुणा करून 'मोठं १० अंश फिरलं, लहान किती?' हे विचारा.

३. खरा मध्य : पुठ्ठ्याच्या चकतीवर अंश लिहा, मधोमध टाचणी लावा. चकतीला एक काडी चिकटवा आणि दोन बाजूंना दोन पुस्तकं ठेवून ती अडवा. दोन्हीकडचे आकडे वाचून मध्य काढायचा. सरासरी हा शब्द अजून शिकवला नसला तरी चालेल.

पालकांना एक विनंती. इंजिनाचं वेड असलेली मुलं गाडी चालवायलाही बघतात. अठरा वर्षं आणि लायसन्स होईपर्यंत किल्ली हातात देऊ नका. आणि घरच्या रस्त्यावर चालवायच्या गाडीत असले रेसिंग कॅम घालायच्या भानगडीत पडू नका. आमच्या दिरांचा घोटा अजून पावसाळी हवेत दुखतो.

शिक्षकांना एवढंच विचारते : तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी कोण सुतार आहे, कोण गवंडी, कोण गुळव्या, कोण शिंपी? एका कागदावर यादी करा आणि समोर पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका ठेवा. कोणता घटक कुणाच्या हातात आहे, ते जुळवून बघा. जमलं तर कळवा, मलाही माझ्या वर्गात घ्यायला आवडेल. पुढच्या घटकासाठी, अपूर्णांकांसाठी, मी एका गवंडी आजोबांना विचारून ठेवलं आहे.